शीव दाखवा, मग उतरतो

नोकरीत असताना लोक मला मोजणीच्या आधी चहा पाजत. मोजणी झाल्यावर पाणीही विचारत नसत. कारण सोपं आहे. मोजणी मागणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं की शेजाऱ्याने आपली जागा दाबली आहे, आणि जमिनीला तसं काही वाटत नसतं. ती जिथे आहे तिथेच असते. मी भूकरमापक होतो. हा शब्द माझ्या बायकोलाही नीट उच्चारता येत नाही, म्हणून लोक आम्हाला 'मोजणीवाले साहेब' म्हणतात. काम एवढंच, की एकाचं रान कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे लागतं ते जागेवर जाऊन दाखवायचं, चुन्याची रेघ मारायची आणि दोन्हीकडच्या शिव्या खाऊन घरी यायचं.

मी लागलो तेव्हा लोखंडी साखळी होती आणि तीन पायांची फळी होती. फळीवर कागद, कागदावर नकाशा, डोक्यावर वर्ध्याचं ऊन. नंतर मशीन आलं. आता तर उपग्रहावरून मोजतात. पण साधन कोणतंही असो, सुरुवात दगडापासूनच होते. गावाच्या शिवेवर, म्हणजे जिथे एक गाव संपून दुसरं लागतं तिथे, खात्याने जुन्या काळी दगड पुरून ठेवले आहेत. तो दगड सापडला की अर्धी मोजणी झाली. आणि तो कधीच जागेवर सापडत नाही.

वडनेरकडच्या एका गावात मी असाच एक दगड अख्खी सकाळ शोधला. शेवटी एका आजीबाईंच्या न्हाणीत सापडला. त्या त्यावर लुगडं आपटत होत्या. मी म्हटलं, आजी, हा सरकारचा दगड आहे. त्या म्हणाल्या, "मंग सरकारले सांग ना बापू, याची एक बाजू खरबडी हाय, लुगडं फाटते."

दुसरा प्रकार याहून अवघड. कोणीतरी येता-जाता दगडाला शेंदूर लावतं. पुढच्या वर्षी कोणी नारळ फोडतं. त्याच्या पुढच्या वर्षी वर टिनाचं छप्पर येतं आणि आमच्या खात्याच्या दगडाचा देव होतो. मग तो हलवता येत नाही, उकरता येत नाही आणि त्याच्यासमोर चपला घालून फळी मांडता येत नाही. आमच्या स्वतःच्या गावात नेमकं हेच झालं होतं, आणि मला हे सगळं लिहायला बसवलं ते त्याच देवाने.

माझं गाव बोरटेक. वाचणाऱ्याने लगेच विचारलं असेल, हे कुठे आलं? जन्मभर मी हाच प्रश्न ऐकला. माझा बाप बोरटेकची वांगी डोक्यावर घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कोणी "वर्ध्याची वांगी हायेत का?" असं विचारलं तर तो वांगी झाकून ठेवायचा. आमच्या घरात मी पहिला कॉलेजात गेलो. भूगोल घेऊन बी.ए. झालो. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी विचारलं, कुठून येता? मी म्हटलं, बोरटेक. ते म्हणाले, म्हणजे वर्ध्याजवळ. तेव्हापासून मी ठरवलं की यापुढे आपण असं म्हणायचं नाही. कोणी विचारलं की सांगायचं, वर्धा आमच्या गावाच्या बाजूला आहे. भूगोलाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं सारखीच बरोबर आहेत. मोजून बघा.

पण पुढे शहर वाढत वाढत आमच्या अंगावर आलं. मधली शेतं गेली, लेआउट पडले, म्हणजे शेताचे प्लॉट पाडून वसाहती उभ्या राहिल्या. शहर कुठे संपतं आणि बोरटेक कुठे लागतं हे नव्या माणसाला कळेना. जुन्याला कळे, पण तो भांडे. लेआउटमधल्या पाट्यांवर 'वर्धा' लिहिलेलं असे आणि घरपट्टी बोरटेकच्या ग्रामपंचायतीत भरायची असे. शहराची घंटागाडी गाणं वाजवत यायची आणि एका ठरावीक खांबापाशी गाणं बंद करून परत फिरायची. पलीकडच्या बायका डबे घेऊन धावायच्या. गाडीवाला शांतपणे सांगायचा, "बाई, तुमचा कचरा ग्रामीण हाय. मले शहरी कचऱ्याचा हुकूम हाय."

त्याच लेआउटमध्ये एका मास्तरांनी कुंपणासाठी मोजणी मागवली होती. मी मशीन लावलं, रेघ काढली, तर ती त्यांच्या घरातून गेली. बैठक शहरात, स्वयंपाकघर आमच्या गावात. मास्तर गंभीर झाले. म्हणाले, "म्हणजे साहेब, मी बसतो वर्ध्यात आन् जेवतो बोरटेकात?" मी म्हटलं, हाव. त्यांनी सगळ्या पाहुण्यांना आपण वर्ध्याला राहतो असंच सांगितलं होतं. त्या दिवसापासून ते पाहुण्यांना बैठकीच्या पुढे जाऊ देत नाहीत.

आता देवाचं सांगतो. बोरटेकच्या शिवेवर नाल्याकाठी आमच्या खात्याचा दगड होता. तो माझ्या आज्याच्या काळातच मारुती झाला होता. आमच्याकडे लग्नात नवरदेव गावाच्या शिवेवर थांबतो. मुलीचे मायबाप तिथे जातात, त्याचे पाय धुतात, पूजा करतात, कपडे देतात आणि मग वाजतगाजत गावात आणतात. पुस्तकी भाषेत याला सीमांतपूजन म्हणतात. शिवेआधी केलं तर ते दुसऱ्याच्या गावात केल्यासारखं होतं. न करता नवरदेव आत आला तर तो मानाविना आला. आमच्या गावात हे पूजन मारुतीपाशी होत असे, म्हणजे खरोखरच शिवेवर. धर्म आणि भूमापन यांचं इतकं जुळलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग रस्ता रुंद झाला. नाला पाइपात गेला आणि मारुती रस्त्यात आला. गावाने सभा भरवली. शहराच्या बाजूला बऱ्याच पुढे एकाने प्लॉटचा कोपरा दान दिला आणि देव तिथे हलवायचं ठरलं. या कामाचे पुढारी गुलाबभाऊ. दूध संकलनाच्या नोकरीतून निवृत्त झालेले, माझ्याहून वयाने मोठे, तंबाखूची डबी आणि गावाचा अभिमान हे दोन्ही कायम जवळ बाळगणारे. मी सभेत उठून सांगितलं, की देव खुशाल हलवा, पण दगड हलला म्हणून शीव हलत नाही. ती जिथे होती तिथेच राहील, आणि तो दगड मुळात आमच्या खात्याचा आहे.

गुलाबभाऊ म्हणाले, "वामन, तुह्या खात्यानं गोटा ठेवला. आमी त्याचा देव केला. आता तुह्या खात्याचं त्यात काय राह्यलं?"

सभेत कोणी माझ्या बाजूने बोललं नाही. मारुती बँड लावून, पालखीतून, शहराच्या दिशेने गेला. गुलाबभाऊंनी जाहीर केलं की देव जिथे, शीव तिथे. म्हणजे एका दुपारी, कसलीही अधिसूचना न निघता, बोरटेकची हद्दवाढ झाली. शहरं आपली हद्द वाढवतात हे सगळ्यांनी ऐकलं आहे. गावाने शहरात हद्द वाढवल्याचं माझ्या माहितीत हे एकच उदाहरण. खरं सांगायचं तर मलाही आतून बरं वाटलं होतं.

माझी मुलगी प्रणाली नागपूरला शिकली. एकदा मी तिच्या होस्टेलवर गेलो. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, काका, तुम्ही वर्ध्याचे ना? मी म्हटलं, नाही. वर्धा आमच्या गावाच्या बाजूला आहे. पोरी हसल्या. प्रणाली आपल्या चपलांकडे बघत राहिली. बसस्टँडवर मला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, बोरटेक कोणी नाई ओळखत. वर्धा म्हटलं तं विषय संपते." ते वाक्य माझ्या बुटात खड्यासारखं राहिलं. दुसऱ्यांच्या शिवा दाखवण्यात जन्म गेला आणि आपली घरच्या माणसाला पटत नाही, हे काही चांगलं वाटत नाही.

पुढे तिचं लग्न ठरलं, सेलूला. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या जेवणात मुलाचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, माझ्या बाजूला बसले होते. भाजीपाल्याचे शेतकरी. पांढरं धोतर, कमी बोलणं. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी विचारलं, लग्न वर्ध्याला ना? मी तोंडातला घास गिळला आणि सुरू झालो. बोरटेक कसं वेगळं, वांगी कशी, शीव कशी, आमच्याकडे नवरदेवाचं स्वागत हॉलच्या दारात नाही तर शिवेवर होतं, सगळं सांगितलं. बायको समोरून डोळे मोठे करत होती. मला वाटलं म्हातारे कंटाळले असतील. ते ताटात हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "इवाई, आमालेबी हेच ऐका लागते. सेलू म्हटलं का लोक म्हणतेत, नागपूर रोडवरचं? जसं काई रोड आधी आला आन् सेलू मांगून." इवाई म्हणजे व्याही. ते पुढे म्हणाले, "ठरलं. आमचा पोट्टा बोरटेकचा जवाई होऊन राह्यला, वर्ध्याचा नाई. तो तुमच्या शिवेवर उतरन. त्याच्या आधी त्याचा पाय भुईले लागनार नाई."

मी खूश झालो. घरी येताना बायको म्हणाली, "अजी, आता शीव कोनती दाखवान?" मी म्हटलं, कोणती म्हणजे? तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. तिला मारुती आणि नाला दोन्ही माहीत होते.

लग्न संध्याकाळचं होतं. पूजेची ताटं, घोडी, बँड, गावातली माणसं, सगळे मारुतीपाशी जमले. गुलाबभाऊ नवा सदरा घालून देवाच्या ओट्यावर उभे होते. मी स्वतःची समजूत घातली होती. लोक इतकी वर्षं इथेच पूजन करतात. एक दिवस आपण मोजणीवाले नाही, मुलीचे बाप आहोत.

वरातीच्या गाड्या शहराकडून आल्या. सगळ्यांत पुढच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी मोठेबाबा, मागे नवरदेव. बँड सुरू झाला. गाडी थांबली, पण दार उघडलं नाही. मी ताट घेऊन पुढे गेलो. काच खाली झाली. मागच्या सीटवर नवरदेवाचा मित्र मोबाइल हातात धरून बसला होता. मोबाइलच्या नकाशावर एक तुटक रेघ होती आणि ती पुढे होती. आम्ही सगळे, देवासकट, अजून वर्ध्यातच होतो.

मोठेबाबांनी मला नमस्कार केला. आवाज अजिबात चढा नव्हता. म्हणाले, "इवाई, मी तुमच्याच शब्दावर आलो. हे तं वर्धाच दाखवून राह्यलं. शीव दाखवा, मग उतरतो."

गुलाबभाऊ ओट्यावरून खाली आले. मोबाइलला काय समजतं, असं त्यांचं म्हणणं. बोरटेकचा मारुती आहे म्हणजे बोरटेकच आहे. मारुती काय वर्ध्यात भाड्याने राहतो का? गावच्या चार जणांनी मान डोलावली. वरातीतल्या चार जणांनी आपापले मोबाइल काढले. कोणाची रेघ रस्त्याच्या अलीकडे, कोणाची पलीकडे, एकाच्या मोबाइलवर तर बोरटेक हे गावच नव्हतं. त्याला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागलं. मागे शहराची वाहनं तुंबली. बँडवाल्यांनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मोठेबाबांनी हात वर केला. "भांडू नका. इवाई आमचे मोजणीवाले हायेत. ते म्हनतीन ते."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात निरांजन होतं आणि मे महिन्याचं वारं त्याच्यावर टपलेलं होतं. 'हो, हीच शीव' एवढं म्हटलं असतं तर दार उघडलं असतं, गाव खूश, व्याही खूश. कोणाला पत्ता लागला नसता. पण ज्या माणसाने माझ्या गावाचा माझ्याइतकाच मान ठेवला, त्याला दुसऱ्याच्या गावात उतरवून इथेच बोरटेक म्हणून सांगायचं? आणि माझी मुलगी जिला वर्धा म्हणते, तिथेच तिच्या नवऱ्याचे पाय धुवायचे? मग तिचंच खरं ठरलं असतं.

मी म्हटलं, "मोठेबाबा, मोबाइल बरोबर आहे. शीव पुढं आहे. चला."

गुलाबभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवाचा मुकुट विकला. "वामन," ते म्हणाले, "पोरीच्या लग्नात गाव कापलं तुनं."

मग ती यात्रा निघाली. पुढे मी आणि बायको ताटं घेऊन, मागे बँड, मागे रिकामी घोडी, मागे गाडी माणसाच्या चालीने, आणि तिच्या मागे स्कूटरवरून घरी जाणारी शहरातली बरीच मंडळी, ज्यांना आपण कोणाच्या वरातीत आहोत हे माहीत नव्हतं. लेआउटमधले लोक गॅलरीत आले. ते बैठकवाले मास्तरही आले. त्यांनी मला ओळखलं आणि पटकन आत गेले. पुन्हा काही मोजायला आलो असं वाटलं असावं.

जुन्या नाल्याची जागा मला डोळे मिटून सापडली असती. अलीकडे निंबाचं झाड, पलीकडे पुलियाचा, म्हणजे छोट्या पुलाचा उरलेला कठडा, आणि त्यांच्या मधोमध पूर्वी दगड. मी झाडापाशी थांबलो, कठड्याकडे पाहिलं, मधे पाहिलं. दगडाची जागा आता डांबराखाली होती आणि तिला लागून, रस्त्याच्या कडेला, 'रूपरंग ब्यूटी पार्लर, वर्धा' होतं. शीव बरोबर त्याच्या पायरीवरून जात होती. पार्लरची खोली आमच्या गावात होती आणि पाटी शहरात. दर शहराचे होते, असं बायकोने नंतर सांगितलं.

आता रेघ मारायची तर चुना पाहिजे. जन्मात पहिल्यांदाच मी चुन्याशिवाय मोजणीला आलो होतो. मी इकडे तिकडे पाहिलं. गुलाबभाऊ मागे राहिले असतील असं वाटलं होतं, पण ते आले होते. मारुतीसमोरचा दिवा हाताने आडोसा करून घेऊन आले होते. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून ते घोडीवाल्याला म्हणाले, "देव तिथं राह्यला तं राह्यला. दिव्याले चालता येते." मग त्यांनी खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली आणि माझ्याकडे न बघता पुढे केली. "जपून घेजो," म्हणाले, "मले आजची रात काढाची हाय."

त्या डबीतल्या चुन्याने मी बोटाने पायरीवर रेघ ओढली. नोकरीत इतकी बारीक रेघ मी कधी काढली नव्हती. मोठेबाबा गाडीतून उतरले, वाकले, रेघ पाहिली, तिला हात लावून कपाळाला लावला. मग दार उघडून नवरदेवाला म्हणाले, "उतर आता. बोरटेक आलं."

नवरदेवाला बसवायचं कशावर? पाट मारुतीपाशी राहिला होता. पार्लरवाल्या बाईंनी धावत जाऊन आपली खुर्ची बाहेर आणली, केस कापतानाची, गोल फिरणारी. ती रेघेवर ठेवली. नवरदेव बसला. मी पाय धुवायला त्याचा डावा पाय उचलला आणि जावई सावकाश वर्ध्याकडे फिरला. उजवा उचलला, तर बोरटेककडे आला. बायको कुंकू लावायला जाई तोवर कपाळ तिथे नसे. बँडवाल्यांना हसू आवरून वाजवता येईना. शेवटी मोठेबाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, तोंड बोरटेककडे करून, आणि म्हणाले, "धुवा आता. हालू देत नाई."

आणि नेमकं तेव्हा पार्लरचं दार उघडलं.

प्रणाली सकाळपासून तिथेच होती. गावातलं पार्लर म्हणून आम्हीच तिला तिथे पाठवलं होतं, आणि या गडबडीत आम्ही दोघंही ते पार विसरलो होतो. पूर्ण शृंगार, मुंडावळ्या, डोळ्यांत काजळ, आणि समोर पायरीवर फिरत्या खुर्चीत तिचा नवरदेव, त्याचा पाय तिच्या बापाच्या हातात. अंतरपाटाआधी एकमेकांचं तोंड बघायचं नसतं. बायकांनी एकच गलका केला. पार्लरवाल्या बाई पुन्हा कामाला आल्या. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल ओढून दोघांच्या मधे धरला. टॉवेलवर मेंदीचे डाग होते. नवरदेव बिचारा डोळे मिटून बसला. मोठेबाबांनी खुर्ची सोडली नाही, फक्त मान वळवली.

टॉवेलच्या पलीकडून प्रणाली म्हणाली, "बाबा, हे काय चालू हाय?"

मी म्हटलं, शीव चालू आहे.

मला वाटलं ती आता चिडणार. मग तिने हळूच विचारलं, "मंग मी कोठी उभी हाय? वर्ध्यात का बोरटेकात?"

मी वाकून पाहिलं. आदत जात नाही. तिचे पाय उंबऱ्याच्या आत होते, रेघेच्या आपल्या बाजूला. मी म्हटलं, "तू घरीच हायेस."

गुलाबभाऊंनी दिवा खाली ठेवला आणि नारळ फोडला. तो असा फुटला की अर्धा शहरात उडाला आणि अर्धा गावात. दोन्हीकडच्या लोकांनी खाल्ला.

लग्न छान झालं. मुहूर्त थोडा टळला, पण भटजी म्हणाले की शिवेवर गेलेला वेळ मोजत नाहीत. हे त्यांनी तिथल्या तिथे बनवलं असावं.

तेव्हापासून आमच्या गावात नवीनच रीत पडली आहे. नवरदेव आधी मारुतीला नमस्कार करतो, मग तिथून वाजतगाजत पार्लरच्या पायरीवर येतो आणि तिथे पूजन होतं. देवाचाही मान राहिला आणि शिवेचाही. गुलाबभाऊ दोन्हीकडे असतात. पार्लरच्या पाटीवर आता 'नवरी मेकअप'च्या खाली 'सीमांतपूजनासाठी खुर्ची मिळेल' असं लिहिलं आहे. खुर्ची मात्र न फिरणारी घेतली आहे.

मागच्या महिन्यात पुन्हा बोलणं सुरू झालं, की शहराची हद्द वाढणार आणि बोरटेक पूर्णच आत जाणार. होईलही. तेव्हा उपग्रहावरून मोजणारी नवी पोरं येतील आणि ती रेघ गावाच्या पार पलीकडे नेतील. नियमाने बरोबरच असेल ते. मी आयुष्यभर तेच काम केलं, मला तक्रार करायचा हक्क नाही. एवढंच वाटतं, की त्यांना त्या पायरीवर थोडा चुना दिसला तर त्यांनी तो लगेच पुसू नये.

परवा आम्ही सेलूला मुलीकडे गेलो होतो. दुपारची वेळ. मी आतल्या खोलीत पडलो होतो, झोप लागायची होती. ओसरीवर शेजारच्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक नवीन आलेली होती. तिने प्रणालीला विचारलं, "तुमचं माहेर कोनतं जी?"

"बोरटेक," प्रणाली म्हणाली.

"कोठी आलं ते? वर्ध्याजवळ का?"

मी उठून बसलो. आतून आवाज देऊन सांगावं असं जिभेवर आलं होतं, पण मी थांबलो.

"नाई," प्रणाली म्हणाली. "वर्धा आमच्या गावाच्या बाजूले हाय."

मी परत आडवा झालो. छान झोप लागली.